माझ्या बाजूचा ब्रेक

४ मे

ती. मामास,
सा. न.

फोनच करणार होते. पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, त्यामुळे पत्र बरं. शिवाय प्रश्न गाडीचा आहे. गाडीचं काही विचारलं की तू वाक्य पुरं होऊ न देता "आधी बॉनेट उघड" म्हणून सुरू होतोस. कागदावर तरी माझं बोलणं पूर्ण होईल.

तर आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूला जे ब्रेकचं पेडल आहे ना, शिकणाऱ्याने घोळ घातला तर शेजारी बसलेल्या मास्तरणीला गाडी थांबवता यावी म्हणून बसवलेलं, त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालंय. पाय सटकतो. दिवाळं निघाल्यासारखं आतलं लोखंड दिसायला लागलंय. पेडल थोडं जडही वाटतं. संध्याकाळी उजवी पोटरी दगड होते. काय करू?

आता खरी बातमी. भिंगरीला नोकरी लागली! घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघणाऱ्या नर्सची. लांबचा भाग आहे, वस्त्या विखुरलेल्या, म्हणून नोकरीबरोबर एक छोटी गाडी मिळणार आहे. अट एकच, सप्टेंबरात रुजू होताना लायसन्स हातात हवं. गाडी शिकवणाऱ्या बाईच्या मुलीला गाडी येत नाही, यावर तू जितका हसायचास तितका हसून घे. आता मीच शिकवतेय. रोज दुपारी, बाकीचे विद्यार्थी गेले की.

मी फार खूश आहे. सगळ्या गल्लीला सांगून झालंय. मुलीने जावं, जग बघावं, आईच्या पदराला काय चिकटून बसायचं? मीही आता मोकळी होईन.

मामीला नमस्कार. रबराचं तेवढं लगेच कळव.

तुझी भाची

१२ मे

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीचं कळलं आणि मामीने आनंदाने मला दोनदा चहा दिला, एरवी एकाला महाग असतो. पोरीला सांग, म्हातारा मामाआजोबा आजारी पडायला तयार आहे, फक्त गाडी घेऊन ये म्हणावं.

आता पेडल. आधी बॉनेट उघड. हसू नकोस, ब्रेकचं ऑइल बघ. कमी असेल तर भर, काळं पडलं असेल तर बदल. मग तुझ्या पेडलापासून मूळ पेडलापर्यंत जो दांडा जातो, त्याच्या सांध्यात ग्रीस घाल. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जाऊ नकोस, तो ग्रीसच्या नावाखाली काहीही फासतो. सीट एक खाच पुढे घे, म्हणजे पोटरीवर ताण येणार नाही.

पण एक कळत नाही. ते रबर झिजलं कसं? स्कूल चालवली तेवढ्या वर्षांत मी ते एकदाच बदललं, तेही उंदराने कुरतडलं म्हणून. ते पेडल अडीअडचणीचं. तुझे यंदाचे विद्यार्थी फारच धसमुसळे आलेत का?

आम्ही मजेत. परवाच गाडीने बाजारात जाऊन आलो. मामीच्या तब्येतीला काही धाड भरलेली नाही.

तुझा मामा

२ जून

ती. मामास,
सा. न.

ऑइल बदललं. ग्रीस घातलं. सीट पुढे घेतली. नवं रबर बसवलं. आणि पोटरी तशीच दगड.

विद्यार्थी धसमुसळे आहेतच. त्यातले एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत, ते तर काल गाडी बाजूला घेऊन, हात जोडून म्हणाले, "बाई, एक शंका आहे. गाडी मी चालवतोय की तुम्ही?" मी म्हटलं, तुम्हीच की. तर म्हणाले, "मग मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत ती थांबते कशी?" आता यांना काय सांगायचं? समोरून हातगाडी येत होती. लांब होती, पण येत होती ना!

भिंगरीची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. हात छान बसलाय तिचा. चढावर गाडी मागे जाऊ देत नाही, उलटी लावताना आरशात बघते. माझ्यापेक्षा सुबक वळण घेते. फक्त आमची हल्ली जरा तूतू-मैंमैं होते. ती म्हणते, आई तू श्वास जोरात घेतेस. आता श्वासही हिला विचारून घ्यायचा!

पास होईलच. न व्हायला काय झालं?

तुझी भाची

११ जून

मामा,

भिंगरी नापास झाली.

मी टेस्टच्या मैदानाबाहेर उभी होते. आपलीच गाडी होती, माझ्या जागेवर परीक्षक बसलेले. सगळं नीट चाललं होतं. मग माझ्या समोरूनच मोठ्या रस्त्यावर निघाली, आणि पहिल्याच झेब्रा पट्ट्यांवर एक आजोबा रस्ता ओलांडत होते. भिंगरीने त्यांना बघितलं. वेग कमी केला नाही. शेवटी परीक्षकांनी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. परीक्षकांनी ब्रेक दाबला की खेळ खलास, हे तुला ठाऊकच आहे. आजोबांना काही झालं नाही. त्यांना बहुतेक कळलंही नाही.

परीक्षक भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी छान चालवते हो. पण ब्रेक दुसरंच कुणीतरी लावणार आहे अशी चालवते."

घरी येताना मी तिला विचारलं, अगं दिसले होते ना आजोबा? ती म्हणाली, "दिसले की. मला वाटलं थांबेल." मी म्हटलं, कोण, आजोबा? तर म्हणाली, "नाही. गाडी. ती नेहमी थांबते ना."

मामा, गाडी नेहमी थांबते, कारण मी थांबवते. रबर विद्यार्थ्यांनी झिजवलेलं नाही, मी झिजवलंय. तिने पाय उचलायच्या आत माझा पाय पडतो. महिनाभर मी तिला रोज शिकवत होते, की तुला ब्रेक लावायची गरज नाही.

पण तुला लिहायला बसले ते यासाठी नाही. हे कुणालाच सांगता येत नाहीये. परीक्षक जेव्हा "नापास" म्हणाले ना, तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. पोटरीसुद्धा ढिली पडली. माझी लेक कोपऱ्यात तोंड फिरवून रडत होती आणि मला बरं वाटत होतं. कसली आई आहे मी? मी तर तिला जा म्हणत होते. खोटं नव्हते म्हणत रे, अगदी मनापासून म्हणत होते.

पुढची टेस्ट ऑगस्टच्या शेवटी. ती शेवटची संधी. मी तिला दुसऱ्या स्कूलमध्ये घालते म्हटलं, तर म्हणते, शिकेन तर तुझ्याकडेच. मला भीती वाटते माझीच.

भाची

१८ जून

चि. पोरी,

तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. मामी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पोरीने खरं लिहिलंय.

आधी एक सांगतो. तू वाईट आई नाहीस. "जा" म्हणणारी तूच आणि ब्रेक दाबणारीही तूच, आणि दोघी प्रामाणिक आहेत. एकीला तू चारचौघांत मिरवतेस. दुसरीला बोलूच देत नाहीस, मग ती बिचारी हाताला येईल ते, म्हणजे पायाला येईल ते धरते.

मी मानसतज्ज्ञ नाही, मी गाडी शिकवणारा माणूस. पण गाडी शिकताना घाबरलेल्या माणसावर ओरडून कधी कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगायचं, काच खाली करायची आणि विचारायचं, बाबा रे, काय दिसलं तुला? बहुतेक वेळा त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

म्हणून माझं एक ऐक. तुझ्या उजव्या पायाला सांग, मामाला एक पत्र लिही. तू मध्ये बोलू नकोस. त्याला काय म्हणायचंय ते त्याला म्हणू दे, शुद्धलेखन मी तपासणार नाही. मामीला दाखवणार नाही अशी शपथ घेतली असती, पण ती चष्मा लावून मागेच उभी आहे.

मामा

२७ जून

ती. मामांस,

मी उजवा पाय. साष्टांग नमस्कार घालायचा तर अख्खी बाई लागेल, म्हणून नुसताच नमस्कार.

मालकिणीने मला लिहायला बसवलंय आणि स्वतः "काय हा पोरखेळ" असं तोंड करून बसलीय. बसू दे. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काही विचारतंय.

तिला वाटतं, मी भिंगरीला जपतो. मीही तसंच सांगत आलो. सायकल आली, दाब. कुत्रं आलं, दाब. पण तुम्हाला म्हणून सांगतो, भिंगरी चांगली चालवते. तिच्यासाठी दाबायची वेळ माझ्यावर क्वचितच आली असेल. मी दाबतो ते ही पोर शिकू नये म्हणून. शिकली की जाईल.

तिचे बाबा गेले तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती. त्या दिवसापासून मी चालतो ते तिच्याभोवती. सकाळी जिना उतरायचा तो तिला बसपर्यंत सोडायला. संध्याकाळी चढायचा तो ती घरी आली असेल म्हणून. जिन्यात तिच्या चपला दिसल्या की मी वरच्या पायऱ्या भरभर चढतो, मालकिणीला हे माहीतही नाही. आता वरती डोक्यात सगळे टाळ्या वाजवतायत. मुलगी निघाली, मी मोकळी होणार, वगैरे. मोकळी होऊन ही बाई करणार काय? कुणासाठी घरी येणार? एका माणसाचा स्वयंपाक ती करेल असं वाटतं तुम्हाला? उभ्याउभ्या काहीतरी खाईल आणि जेवले म्हणून सांगेल. मी तेव्हाही होतो, मामा. ते गेल्यानंतरच्या त्या घरात मीच तिला या खोलीतून त्या खोलीत नेत होतो. पुन्हा ते मला जमणार नाही.

म्हणून मी दाबतो. पोरीला नापास करायचं नव्हतं मला. तिला रडताना बघून मलाही वाईट वाटलं. पण मला दुसरं काय येतं? माझ्यापुढे एकच पेडल आहे.

मला दोष देऊ नका एवढंच.

उजवा पाय

(मामा, मी भाची. हे मी लिहिलं यावर माझा विश्वास बसत नाही. पुन्हा वाचायची हिंमत नाही, तसंच पाकिटात घालतेय.)

४ जुलै

चि. उजवा पाय यास,
अनेक आशीर्वाद.

या वयात मला नवा भाचा मिळेल असं वाटलं नव्हतं. पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मामीने डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाली. कांदा घरात नाही.

बाळा, तुला कुणी दोष देत नाही. तू घाबरलास ते खऱ्याच गोष्टीला घाबरलास. तुझ्या मालकिणीला आम्ही सगळे "धीराची, धीराची" म्हणत राहिलो आणि तिला घाबरायला जागाच ठेवली नाही. ते सगळं तू एकट्याने खाली बसून सोसलंस. शाबास तुझी. पण आता पुरे.

तुला एक गुपित सांगतो. तुझ्या मालकिणीला गाडी मी शिकवली. तेव्हा मी कसा बसायचो, आठवतं का तिला? सीटवर मांडी घालून, मांडीवर शेंगांचा पुडा, आणि एकेक शेंग फोडून खात. ती अजून लोकांना कौतुकाने सांगते, मामाचा माझ्यावर केवढा विश्वास! मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी घातली तर मामा शेंगा खात होता!

विश्वास कसला, मी गर्भगळीत झालो होतो. बहिणीची एकुलती एक पोर, आणि समोर एवढा मोठा ट्रक. माझा पाय सारखा पेडलाकडे पळायचा, तुझ्यासारखाच. म्हणून मी त्याला मांडीखाली दाबून ठेवायचो. आणि हात स्टिअरिंगकडे जाऊ नयेत म्हणून शेंगा, कारण शेंग फोडायला दोन्ही हात लागतात. शेंगा मला आवडतही नाहीत. भीती गेली नव्हती. तिला नुसती बसायला जागा करून दिली होती.

तेव्हा तूही मांडी घाल. तुला कामावरून काढत नाही. दाबावंसं वाटलं की मालकिणीला कळव, तिने ते तोंडाने बोलावं. "मला भीती वाटली" एवढं म्हणायला लायसन्स लागत नाही.

आणि तुझं शेवटचं वाक्य मी विसरलेलो नाही. तुझ्यापुढे एकच पेडल आहे म्हणालास. अरे, खरं आहे. शिकवणाऱ्याच्या बाजूला ॲक्सिलरेटर नसतोच. उजव्या पायाची दोन कामं, थांबवणं आणि चालवणं, आणि तुझ्या वाट्याला वर्षानुवर्षं एकच आलं. विचार बरं तुझ्या मालकिणीला, ती स्वतः स्टिअरिंगला बसून, कुणाला न शिकवता, स्वतःच्या मनाने कुठे गेली त्याला किती काळ लोटला? स्कूल ते घर धरायचं नाही.

तुझा मामा

२० जुलै

ती. मामास,
सा. न.

तुझी मांडी! तुझ्या त्या मांडीच्या जोरावर मी आजवर गाडी चालवली रे. कधी धीर सुटला तर मनात म्हणायचे, मामा शेंगा खात होता. आणि तू घाबरला होतास! मला राग यायला हवा होता, पण का कोण जाणे, हलकं वाटलं.

तर मी मांडी घातली. भिंगरी म्हणाली, "आई, योगासनं घरी कर." पहिल्या दिवशी पायाला अशा मुंग्या आल्या की उतरताना मीच पडले. शेंगा मात्र मला आवडतात, त्यामुळे त्या पुरत नाहीत. गाडीभर टरफलं झाली आहेत. हेडमास्तर म्हणतात, "बाई, हा नवा अभ्यासक्रम दिसतो."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शाळा सुटायची वेळ होती. फाटकातून मुलं बाहेर येत होती. माझा पाय मांडीखाली नुसता तडफडत होता. मी तुझं ऐकलं, तोंडाने म्हटलं, "भिंगरी, मला भीती वाटतेय." एवढंच. आणि तिने ब्रेक दाबला. स्वतः. इतका जोरात, की शेंगांचा पुडा काचेवर आपटला आणि माझं कपाळही आपटता आपटता राहिलं. मुलं निघून गेली. मागून लोक हॉर्न वाजवत होते आणि आम्ही दोघी तशाच बसलेल्या.

मग तिने गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर देऊन, नीट. मी तिला सगळं सांगितलं. पायाचं, पत्राचं, आणि ती नापास झाली तेव्हा मला बरं वाटल्याचंही. वाटलं होतं, पोर तुटेल माझ्यापासून. ती पुढे रस्त्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "मलाही थोडं बरं वाटलं होतं गं. मला वाटायचं, मी गेले की तू जेवणार नाहीस."

मामा, मी मोठ्याने रडले. तीही रडली. काचा खाली होत्या, लोकांनी बघितलं असेल. बघू दे. इतके दिवस मी तिला थांबवत होते आणि ती थांबायला तयार बसली होती, माझ्याचसाठी. मी जेवेन असं तिला वचन दिलंय. ताटात वाढून, खाली बसून. तिने पायालाही शपथ घ्यायला लावली.

आता बरी थांबते. थोडी दचकवते, पण थांबते.

तुझी भाची

२ ऑगस्ट

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तू इतकं खरं बोललीस, तर मीही एक बोलून टाकतो. मे महिन्यात "गाडीने बाजारात जाऊन आलो" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. गाडी मामी चालवत होती. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी माझं स्टिअरिंग काढून घेतलंय. तुला कळवलं नाही, मास्तराची ऐट आडवी आली.

मामी उत्तम चालवते. पण माझे गुडघे आता दुमडत नाहीत, मांडी घालता येत नाही. म्हणून मी मागच्या सीटवर बसतो. सगळ्या बाजारात मामीला लोक ड्रायव्हर समजतात आणि मला साहेब.

पोरीला सांग, टेस्टच्या दिवशी पोटभर खाऊन जा.

मामा

३ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न.

भिंगरी पास झाली हे फोनवर ओरडून सांगितलंच होतं, त्यातलं निम्मं तुला ऐकू आलं आणि निम्मं शेजाऱ्यांना. परीक्षकांनी या वेळी माझ्या बाजूचं पेडल एकदाही दाबलं नाही. जाताना मला म्हणाले, "आता स्वतः लावते हो ब्रेक." मी त्यांना शेंगा दिल्या.

काल ती गेली. नोकरीची गाडी दारात उभी होती, लहानशी, पांढरी. पुढच्या-मागच्या सीटवर तिच्या बॅगा. माझ्यासाठी त्या गाडीत जागाच नव्हती आणि माझ्या बाजूला पेडलही नव्हतं. मी आत डोकावून बघितलं, नुसतं सपाट. ती म्हणाली, "आई, शोधू नकोस, नाहीये."

मग तिने गाडी सुरू केली. मी फुटपाथवर उभी राहिले. आपली गल्ली पुढे मोठ्या रस्त्याला लागते तिथे कायम गर्दी असते, तुला माहीत आहे. ती तिथपर्यंत पोचली आणि माझा उजवा पाय फुटपाथवर दाबला गेला, घट्ट, सगळा जीव एकवटून. मी दाबू दिला. आणि त्याच क्षणी तिच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. ती थांबली. दोन्हीकडे बघितलं. मग दिवे विझले आणि ती वळली.

मी बराच वेळ तिथेच होते. घर रिकामं आहे, मामा. पाय म्हणत होता तसंच आहे, त्याने काही वाढवून सांगितलं नव्हतं. जिना चढले तर चपला एकाच माणसाच्या. पण रात्री एका माणसाचा स्वयंपाक केला, ताट वाढलं आणि पाटावर बसून जेवले. रडत जेवले, पण जेवले. तिला फोटो पाठवला.

विद्यार्थ्यांना चार दिवस सुट्टी दिली आहे. हेडमास्तरांनी कारण विचारलं तर म्हटलं, बाई स्वतः गाडी चालवायला शिकणार आहेत. हे पत्र टपालात टाकून मी स्टिअरिंगला बसणार. रस्त्यात एक रात्र मैत्रिणीकडे थांबणार आहे, म्हणजे पत्र आणि मी मागेपुढेच पोचू. मामीला सांग, फाटकाजवळची जागा मोकळी ठेव. आणि जेवायला मी आहे.

तुझी भाची

ता. क. मामा, ते दुसरं, गाडी चालवायचं पेडल अजून जागेवरच आहे. आत्ताच दाबून बघितलं.
— उजवा पाय